पैनगंगेच्या अलीकडची मोगलाई

माझी आजी आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावाला शेवटपर्यंत ‘मोगलाई’च म्हणायची. ती रिसोडकडची. लेक मोगलाईत दिली, हे तिच्या माहेरी जरा खालच्या आवाजात सांगत. निजामाचा मूळ पुरुष दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार, म्हणून त्याचं राज्य ती मोगलाई. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, इंग्रजाचा अंमल.

पण १८५३ पर्यंत वऱ्हाडही निजामाचंच होतं. मधे शीव पडली ती आमच्याच हिंगोलीसारख्या छावण्यांपायी, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. पैसा निजामाचा आणि हुकूम इंग्रजाचा, अशी ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज होती. तिचे घोडेस्वार, पायदळ नि तोफा हिंगोलीत असत. फौजेचा पगार थकला, कर्ज फुगलं आणि डलहौसीनं त्यापोटी वऱ्हाड हाताखाली घेतलं. १९०२ साली कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर ते कायमचं पट्ट्यानं लिहून घेतलं. पुढच्याच वर्षी ती फौज मोडून इंग्रजी लष्करात मिसळली. फौज गेली, मुलूख काही परत आला नाही. हिंगोलीकरांच्या पत्त्यांत मात्र रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा अजून आहेत.

शिवेवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके असत. वाशिमच्या रस्त्यावरच्या कनेरगावाला आजही सगळे कनेरगाव नाकाच म्हणतात. पलीकडं कलदार रुपया, अलीकडं हाली शिक्का. पलीकडं इंग्रजी साल, अलीकडं कागदावर फसली साल आणि उर्दू. पूर्णेहून आलेली निजामाची रेल्वे हिंगोलीत येऊन थांबे. अकोल्याकडचे रूळ पडले ते स्वातंत्र्यानंतर.

‘मराठवाडा’ हे नाव आजीच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही. निजामी राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांचं ते नाव. त्याला धार आली ती निजामाविरुद्धच्या चळवळीत. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी याच नावाचं साप्ताहिक काढलं, तेही पुण्याहून. निजामानं बंदी घातली की ते दुसऱ्या नावानं निघे. मोगलाई म्हणणं हा सोयऱ्यांचा टोमणा होता, मराठवाडा म्हणणं गुन्ह्याच्या जवळ जाई.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही काठ एकाच राज्यात आले. १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला. आता रिसोडचा बाजार करून माणूस दुपारी घरी येतो, वाटेत त्याला कुणी अडवत नाही.

कागदावर मात्र शीव शाबूत आहे. पलीकडच्या सोयऱ्याच्या जातीच्या दाखल्यावर ‘कुणबी’ असतं. अलीकडच्याला तेच सिद्ध करायला निजामकालीन नोंद लागते. २०२३ साली त्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा दप्तरं बाहेर निघाली आणि तहसिलीत उर्दू नि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.