आबे फारिया आणि मोहनिद्रेचें रहस्य

पणजीस मांडवीच्या कांठीं, जुन्या सचिवालयाच्या बाजूस, एका धर्मगुरूचा ब्राँझचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत या शिल्पकारानें घडविलेला हा पुतळा १९४५ मध्यें उभारण्यांत आला. लांब झगा घातलेला पुरुष हात पसरून उभा आहे आणि त्याच्या हातांखालीं एक स्त्री मागें कलंडत आहे. प्रथम पाहणारास वाटतें कीं, या पुरुषाच्या बोटांतून कांहीं अदृश्य शक्ति निघून त्या बाईचा ताबा घेत आहे. शिल्प म्हणून तें प्रभावी आहे यांत संशय नाहीं. परंतु ज्याचा तो पुतळा, त्या आबे फारियानें आयुष्याचीं अखेरचीं वर्षें नेमकें याच्या उलट सांगण्यांत घालविलीं. निजविणाराच्या हातांत कांहीं नाहीं, जें आहे तें निजणाराच्याच ठायीं आहे, एवढेंच त्याचें म्हणणें होतें.

हें म्हणणें किती धाडसाचें होतें हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. व्हिएन्नाचा वैद्य फ्रांट्स आंटोन मेस्मर हा १७७८ मध्यें पॅरिसला आला. त्याच्या मतें सर्व विश्वांत एक सूक्ष्म द्रव भरलेला असून शरीरांत त्याचा प्रवाह अडला कीं रोग होतो. वैद्यानें आपल्या अंगच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’नें तो मोकळा करावयाचा. त्याच्या दालनांत एका मोठ्या लांकडी पिंपाभोंवतीं रोगी बसत, पिंपांतून निघालेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या भागास लावीत, आणि कांहीं वेळानें कोणी रडूं लागे, कोणी हंसूं लागे, कोणास झटके येत. झटका आला म्हणजे रोग हटला असें मानीत. हें प्रस्थ इतकें वाढलें कीं १७८४ मध्यें राजा सोळावा लुई यास चौकशीमंडळ नेमावें लागलें. त्यांत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता, ज्योतिषी बाय्यी होता आणि अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन होता.

या मंडळाचा एक प्रयोग मोठा मौजेचा आहे. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेंत मेस्मरच्या एका शिष्यानें एका झाडांत चुंबकत्व भरलें. मग बारा वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून एकामागून एक निरनिराळ्या झाडांकडे नेलें. मुलगा प्रत्येक झाडापाशीं अधिकाधिक व्याकूळ होत गेला आणि चौथ्या झाडाजवळ बेशुद्ध पडला. परंतु तें झाड साधें होतें, भारलेलें झाड तेथून दूरच होतें! मंडळानें निर्णय दिला कीं द्रव नाहीं. जें घडतें तें कल्पनेनें घडतें. निर्णय निर्विवाद योग्य होता. मात्र तेथेंच थांबण्यांत एक चूक झाली. मुलगा बेशुद्ध पडला होता हेंही तितकेंच खरें होतें. कल्पनेच्या अंगीं एवढें सामर्थ्य कोठून येतें, हा प्रश्न मंडळानें पुढें नेला नाहीं. त्याच वर्षीं मेस्मरचा शिष्य मार्की द प्यूसेग्यूर याला आपल्या जहागिरींतील व्हिक्तोर नांवाच्या एका तरुण शेतकऱ्याच्या ठायीं झटक्यांऐवजीं शांत निद्रा आढळली. त्या निद्रेंत तो बोले, प्रश्नांचीं उत्तरें देई, आणि जागा झाल्यावर त्यांतलें कांहीं त्यास आठवत नसे.

ज्यानें तो प्रश्न पुढें नेला तो मनुष्य बारदेशांतल्या कांदोळीचा. जोझे कुस्तोदियु द फारिया याचा जन्म १७५६ चा. आईबाप परस्परांच्या संमतीनें विभक्त झाले. वडील धर्मगुरु झाले, आई जोगीण होऊन मठांत गेली. १७७१ मध्यें बापलेक लिस्बनला गेले, आणि तेथून रोमला जाऊन मुलगा शिकला व १७८० मध्यें धर्मगुरु झाला. त्याच्याविषयीं गोव्यांत एक गोष्ट परंपरेनें सांगतात. लिस्बनच्या राजवाड्यांत राणीपुढें प्रवचन करण्यास तो उभा राहिला आणि समोरचा थाट पाहून त्याची वाचाच बसली. खालीं बसलेले वडील हळूच कोंकणींत म्हणाले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” झालें, मुलाची भीति गेली आणि वाणी वाहूं लागली. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांत फारियाचा पुढचा सिद्धांत बीजरूपानें आहे: एक शब्द, आपल्या भाषेंतला, आपल्या माणसाचा, आणि श्रोत्याच्या मनांत आधींच तयार असलेली भूमि.

१७८७ मध्यें गोव्यांत पिंटोंचा कट उघडकीस आला आणि पोर्तुगालमधील गोवेकर धर्मगुरूंवर संशयाचें सावट पडलें. पुढल्याच वर्षीं फारिया पॅरिसला गेला. राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९५ च्या ऑक्टोबरांत, राष्ट्रसभेविरुद्धच्या उठावांत त्यानें एका तुकडीचें पुढारीपणही केलें. त्यानंतर प्यूसेग्यूरशीं त्याचा परिचय होऊन तो चुंबकत्वाकडे वळला. १८११ मध्यें मार्सेय येथें त्याला तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाची जागा मिळाली. परंतु त्याचें खरें कार्य सुरू झालें तें १८१३ मध्यें, पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरील दालनांत. पांच फ्रँक देऊन कोणीही यावें, पाहावें आणि प्रश्न विचारावे.

तेथें पिंप नव्हतें, कांबी नव्हत्या. सांवळ्या वर्णाचा, उंच बांध्याचा हा वृद्ध अध्यापक रोग्यास आरामखुर्चींत बसवी, डोळे मिटून झोंपेवर चित्त एकाग्र करण्यास सांगे, आणि तो शांत झाल्यावर मोठ्या ठाशीव आवाजांत आज्ञा करी, “झोंपा!” कांहींजण खरोखरच झोंपत. न झोंपले तर उघडा पंजा डोळ्यांसमोर धरून तो हळूहळू जवळ आणी. एवढ्यानेंही साधलें नाहीं तर तो मनुष्य या कामास योग्य नाहीं असें स्वच्छ सांगे. निद्रिस्तास त्यानें सांगावें तशी पाण्याला दुसऱ्याच पेयाची चव लागे. हें सारें करून झाल्यावर फारिया प्रेक्षकांस सांगे कीं यांत आपली शक्ति कांहीं नाहीं. निद्रेचें कारण त्या व्यक्तीच्या एकाग्रतेंत आहे; निजविणारा हा केवळ निमित्तमात्र. म्हणूनच त्यानें ‘चुंबक’ हा शब्द टाकून निजविणाराला ‘एकाग्र करविणारा’ असें नांव दिलें.

सगळेंच त्याचें खरें ठरलें असें नाहीं. एकाग्रता कोणास साधते याचें कारण तो रक्ताच्या पातळपणांत शोधीत होता, आणि निद्रिस्तांच्या दिव्य दृष्टीवरही त्याचा विश्वास होता. तथापि मुख्य मुद्द्यावर तो आपल्या काळाच्या पुष्कळ पुढें होता, आणि त्यामुळेंच चारी बाजूंनीं मारला गेला. चुंबकवाद्यांना त्यानें त्यांचा द्रव नाकारल्याचा राग. धर्ममार्तंडांना यांत सैतानाचा वास. विद्वानांना सारेंच थोतांड. एका नटानें झोंपेचें सोंग आणून भर सभेंत डोळे उघडले व त्याचें हंसें केलें, असें सांगतात. १८१६ मध्यें तर व्हरायटीज नाट्यगृहांत त्याच्यावर प्रहसनच रंगलें. ज्यानें आपल्याकडे कांहीं सामर्थ्य आहे असें म्हटलें असतें तर लोकांनीं त्याचे पाय धरले असते, तो सामर्थ्य नाकारून भोंदू ठरला! अखेर मुलींच्या एका शाळेंत धर्मगुरूचें काम पत्करून तो ग्रंथ लिहीत बसला. ‘लूसिद’ म्हणजे सजग निद्रेच्या कारणाविषयींचा हा ग्रंथ १८१९ मध्यें निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर लेखकानें स्वतःला आवर्जून ‘ब्राह्मण’ म्हणविलें आहे. योजलेले पुढचे भाग झालेच नाहींत. त्याच वर्षीं २० सप्टेंबरला तो वारला. त्याच्या थडग्याची खूणही उरली नाहीं. पुढें अलेक्झांडर द्यूमानें ‘मॉन्ते क्रिस्तो’ कादंबरींतल्या कैदी आबेला त्याचें नांव दिलें, तेवढें जगाच्या ओठांवर राहिलें.

सिद्धांत मात्र मेला नाहीं. फारियाचे वर्ग पाहिलेला नॉइझे नांवाचा फ्रेंच अधिकारी त्याचे विचार जपून बसला आणि त्याचें टिपण १८५४ मध्यें छापलें गेलें. इकडे बंगालमध्यें, हुगळी येथें, १८४५ पासून स्कॉटिश शस्त्रवैद्य जेम्स एस्डेल मोहनिद्रेंत मोठमोठ्या गांठी कापीत होता. परंतु त्याची श्रद्धा द्रवावरच होती, आणि १८४७ मध्यें क्लोरोफॉर्म आल्यावर ती पद्धति मागें पडली. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडनें १८४३ च्या ग्रंथांत द्रव नाकारून ‘हिप्नॉटिझम’ हें नांव रूढ केलें. नान्सीजवळच्या लिएबो नांवाच्या वैद्यानें खेड्यांतल्या गरिबांवर फुकट उपचार करून १८६६ मध्यें पुस्तक लिहिलें. तें फारसें कोणीं घेतलें नाहीं. नान्सीच्या विद्यापीठांतील बर्नहाइम यानें त्याचें कार्य पाहून ‘सूचने’चा सिद्धांत शास्त्रापुढें मांडला, आणि फारियाचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें. फारियाचा ग्रंथ १९०६ मध्यें पुन्हा छापून त्याचें चरित्र लिहिण्याचें श्रेय मात्र एका गोवेकराकडे, डॉ. दालगादो यांजकडे, जातें.

लिएबोकडे शिकलेला एमिल कुए हा त्रुआ शहरांत औषधें विकीत असे. एकाच औषधाची बाटली देतांना चार शब्द चांगले सांगितले तर गुण अधिक येतो, हें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें झोंपेचाही टप्पा गाळला: सकाळीं उठण्यापूर्वीं आणि रात्रीं निजतांना, डोळे मिटून, वीस गांठींची दोरी बोटांनीं सरकवीत, आपली प्रकृति दिवसेंदिवस सुधारत आहे असें वीस वेळां पुटपुटावें. आमच्याकडील आजीबाईंना जपमाळ नवी वाटणार नाहीं. पण कुएच्या दोरीस देव नव्हता, ती सरळ मनास उद्देशून होती. आपण आजवर एकाही रोग्यास बरें केलें नाहीं, तो स्वतःच बरा झाला, असें तोही वारंवार सांगे. १९२६ मध्यें तो वारला तेव्हां त्याचें नांव युरोप-अमेरिकेंत घरोघरीं झालें होतें.

आज हा विषय जत्रेंतल्या तंबूंतून दवाखान्यांत आला आहे. ब्रिटिश वैद्यक संघानें १९५५ मध्यें त्यास मान्यता दिली. १९८४ मध्यें मँचेस्टरच्या डॉ. व्हॉरवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पोटाच्या जुनाट तक्रारींनीं त्रस्त, औषधांनीं गुण न आलेल्या तीस रोग्यांवर प्रयोग केला, आणि मोहनिद्रेच्या उपचाराचा गट दुसऱ्या गटाहून स्पष्टपणें सरस ठरला. वेदना, चिंता आणि शस्त्रक्रियेपूर्वींची भीति यांवरही तिचा उपयोग करतात. अशा ठिकाणीं वैद्य रोग्यास प्रथम सांगतो कीं तूं माझ्या ताब्यांत जाणार नाहींस, ऐकूं येत राहील, नको तें नाकारतां येईल; मग घरीं रोज करण्याजोगा अभ्यास शिकवितो. जंतूंनीं होणारा रोग किंवा कर्करोग यानें बरा होत नाहीं, आणि या निद्रेंत काढून घेतलेल्या आठवणींवर विसंबूं नये, असा अनुभव आहे. कांहींजणांस ही निद्रा लागतच नाहीं. फारिया अशांवर जास्त वेळ न दवडतां दुसऱ्यास खुर्चींत बसण्यास बोलावीत असे.