चाकूच्या आधीची सुई

साल 1913. अमेरिकेतलं क्लीव्हलंड शहर. लेकसाइड हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तुम्ही भिंतीला पाठ टेकून उभे आहात. तिथेच राहा, कशाला हात लावू नका.

रोग्याला आत आणतात. त्याचे डोळे जड आहेत. मॉर्फिन आणि स्कोपोलामिन त्याला खोलीतच टोचलं आहे, त्यामुळे टेबल दिसलं तरी तो दचकत नाही. उशाशी अगाथा हॉजिन्स बसल्या आहेत. त्या डॉक्टर नाहीत, नर्स आहेत. पण भूल देण्यात त्यांचा हात धरणारं इथे कुणी नाही. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन देत त्या त्याला हलकेच झोपेत नेतात.

आता चाकू चालणार, असं वाटून तुम्ही श्वास रोखता. पण सर्जन जॉर्ज क्राइल हातात घेतात ती सुई. जिथे कापायचं तिथल्या कातडीत ते नोव्होकेन भरतात, औषध पसरावं म्हणून ती जागा हाताने दाबतात, आणि मगच छेद घेतात. पुढच्या थराशी पुन्हा तेच: आधी सुई, मग चाकू. टाके घालण्याआधी क्विनाइन आणि युरियाचं मिश्रण टोचतात. त्याचा बधिरपणा दिवसच्या दिवस टिकतो.

झोपलेल्या माणसाला बधिर कशाला करायचं? तुमच्या मनात आलेला हा प्रश्न थिएटरमधल्या पुष्कळांच्या मनात आहे. क्राइलचं उत्तर असं, की झोपेत रोग्याला कळत नाही एवढंच. जखमेची वर्दी नसांतून आत पोचतच राहते. तरुणपणी त्यांनी एक मित्र गमावला होता. ट्रामखाली पाय चिरडले, ते कापावे लागले आणि तो शॉकने, म्हणजे रक्तदाब कोसळून, गेला. ते मरण हा माणूस आयुष्यभर विसरला नाही. आपल्या पद्धतीला त्यांनी ‘अ‍ॅनोसी-असोसिएशन’ असं बोजड नाव दिलं. शॉकविषयीचा त्यांचा सिद्धान्त पुढे टिकला नाही. सुईचा क्रम मात्र अचूक होता, असं मला ठामपणे वाटतं.

आता सत्तर वर्षं पुढे या. 1983, लंडन. संशोधक क्लिफर्ड वूल्फ उंदराच्या पायाला इजा करून मज्जारज्जूतून निघणारे संदेश मोजत आहेत. इजेनंतर साधा स्पर्शही मोठी प्रतिक्रिया उठवतो. मग ते ती जखम बधिर करतात. आता सगळं शांत व्हायला हवं, पण होत नाही. मज्जारज्जू चेतलेलाच राहतो. दुखणं एव्हाना जखमेतून निघून आत घर करून बसलेलं आहे.

1988 मध्ये दुखण्याचे अभ्यासक पॅट्रिक वॉल यांनी ‘पेन’ या नियतकालिकात लिहिलं, की ऑपरेशननंतरचं दुखणं आधीच रोखायला हवं. माणसांवरच्या चाचण्यांनी मात्र सरसकट होकार दिला नाही. तेच औषध नुसतं आधी दिल्याने पुष्कळदा फारसा फरक पडला नाही. म्हणून आज भर आहे तो आधी, ऑपरेशनच्या वेळी आणि नंतरही दुखणं अडवून धरण्यावर.

आता आजच्या काळात परत या. तुमचं किंवा घरच्या कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा संकोच करू नका. त्यांना विचारा: दुखणं थांबवायला सुरुवात कधी करणार, आणि भूल उतरल्यावर पहिल्या रात्री काय देणार?