घटसर्प : गोठ्यातला आणि घशातला

घटसर्प म्हटलं की आपल्या कारंजा तालुक्यात आधी गोठा आठवतो. पावसाळ्याआधी गवळाऊ गाईंना, म्हशींना लस टोचून घ्यायला आपण विसरत नाही. पण याच नावाचा आजार लेकरांच्या घशातही होतो. दोन्हींचे जंतू वेगळे. आज आम्ही घशातल्या घटसर्पाचा इतिहास सांगणार आहोत.

या आजारात ताप येतो, घसा दुखतो, घशात करडा-पांढरट पापुद्रा धरतो, मान सुजते. पापुद्रा वाढला की श्वास कोंडतो. जंतूचं विष रक्तात भिनलं की हृदयालाही इजा होते. लस नव्हती तेव्हा एकाच घरातली भावंडं पाठोपाठ दगावत.

१८८४ साली जर्मनीत लोफ्लर यांनी हा जंतू वेगळा काढून दाखवला. १८९० मध्ये बेहरिंग आणि जपानचे कितासातो यांना कळलं, की थोडं-थोडं विष टोचलेल्या जनावराच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. पुढे घोड्यांच्या रक्तापासून हे औषध बनू लागलं. १९०१ चं वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक बेहरिंग यांना मिळालं. पण हा उतारा आजार झाल्यानंतरचा. आजार होऊच नये म्हणून लस आली ती १९२० च्या दशकात. ती शोधणारे फ्रान्सचे रामाँ हे मूळचे जनावरांचे डॉक्टर!

आपल्या देशात १९७८ मध्ये सरकारी लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्यात त्रिगुणी लस आली. १९८५ पासून तो सगळ्या देशभर नेण्याचं काम सुरू झालं. घटसर्प कमी झाला, पण संपला नाही. कारण लसीची ताकद काही वर्षांनी उतरते. तान्ह्या बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस आपण देतो. दीड वर्षाचा, पाच वर्षांचा, दहा आणि सोळा वर्षांचा डोस मात्र राहून जातो. लेकरू शाळेत जायला लागलं की कार्ड पेटीत जातं.

घशात पापुद्रा दिसला तर तो खरवडू नका. घरगुती उपायात वेळ घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. उतारा जितका लवकर मिळेल तितका जीव वाचतो.

येत्या बैठकीला बचतीच्या पासबुकासोबत लेकरांची लसीकरणाची कार्डंही आणा. आशाताईंना बोलावून एकेक डोस तपासून घेऊ. गोठ्याची लस आपण चुकवत नाही, घरातली तरी का चुकवायची?