रविवार कोठून आला?

लहानसहान गोष्टींत आनंद मानावा, असे आपणां सर्वांस लहानपणापासून सांगितले जाते. सकाळचा गरम चहा, उंबऱ्यावर येणारे कोवळे ऊन, मुलाचा हात धरून बाजारात मारलेली चक्कर. यांना फारसा पैसा पडत नाही, केवळ दृष्टी हवी, असे म्हणतात. या उपदेशाशी आमचे भांडण नाही. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. या आनंदाला पैसा लागला नाही, तरी वेळ लागतो. आणि तो वेळ आमच्या वाडवडिलांच्या ओंजळीत कोणी आपण होऊन घातलेला नाही.

मुंबईत १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. विजेचे दिवे तेव्हा नव्हते, म्हणून सूर्य हेच गिरणीचे घड्याळ. उजाडताच काम सुरू आणि मावळल्यावर बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. तेरा तासांवर जाई. जेवणाची ठराविक सुटी नव्हती, आठवड्याचा हक्काचा विसावा नव्हता. १८८१ चा कारखाना कायदा आला तो मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालील मूल कामावर ठेवू नये आणि बारा वर्षांखालच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्याने सांगितले. मोठ्या माणसांच्या तासांविषयी तो गप्पच होता.

या स्थितीत उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. गिरणीत नोकरी केलेले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांची सभा भरली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या आज वाचताना मन हेलावते. आठवड्यातून एक दिवस सुटी द्या, दुपारी अर्धा तास द्या, पगार वेळेवर द्या. राज्य मागितले नव्हते. भाकरी बसून खाता यावी, एवढेच मागितले होते.

त्यासाठीही सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. पुरुषांच्या तासांना मर्यादा पडण्यास मात्र १९११ चा कायदा यावा लागला.

आमचे वडील गिरणीत विणकर होते. रविवारी सकाळी ते डोक्याला तेल लावून गॅलरीत बसत आणि दाढीच्या जुन्या पात्याने आम्हां भावंडांच्या पेन्सिली तासून देत. एकेक टोक बोटावर टेकवून पाहत. त्यांच्या आठवड्यातला तोच सण होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मग सगळेच वार रिकामे झाले, परंतु पेन्सिली कोणी तासल्या नाहीत. वडील गॅलरीतच बसत, पण रस्त्याकडे पाहत. सुटी आणि बेकारी यांतला फरक आम्ही पुस्तकात नव्हे, तेथे शिकलो. दुसऱ्या दिवशी काम आहे आणि महिनाअखेर पगार आहे, या भरवशावरच रविवार गोड लागतो.

आज आपल्या दारात जेवणाचे डबे आणि सामान घेऊन येणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना खेपेवर पैसे मिळतात. खेप नाही तर कमाई नाही. म्हणजे सुटी घेतली की त्या दिवशीची चूल त्यांनी स्वतःच्या खिशातून पेटवायची. त्यांना लहान गोष्टींत आनंद माना, हे सांगण्याचा आपल्याला काय अधिकार? आधी त्यांचा रविवार कोठे आहे, हे विचारू या. येत्या रविवारी चहाचा पेला हाती घ्याल, तेव्हा महालक्ष्मीच्या मैदानावर बोललेल्या त्या दोघी बायांची आठवण ठेवा, आणि दार वाजले तर येणाऱ्याला घोटभर पाणी विचारा.