तानसाकाठची देवी, वसईच्या घंटा आणि मुंबईची वस्तुसंग्रहालये

वसईकडून शिरसाड फाट्यावरून अंबाडीचा रस्ता धरला की तानसा नदीच्या आश्रयाने वसलेली वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावे लागतात. भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे ती उन्हाळ्यांमुळे, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांमुळे. सांधेदुखीने जेरीस आलेली आपल्याकडची कितीतरी वडीलधारी माणसे तेथे स्नान करून आली आहेत. हिंदू बांधव तेथे जातात ते १९६१ साली समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांच्या दर्शनासाठी. गणेशपुरीत नाव घेण्याजोगे वस्तुसंग्रहालय नाही. तरीही मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांविषयी लिहिताना आम्ही प्रारंभ येथूनच करीत आहोत. कारण संग्रहालयातील वस्तू कोठून निघतात आणि तेथवर कशा पोहोचतात, हे तानसाकाठी जितके स्पष्ट दिसते तितके काचेच्या कपाटासमोर दिसत नाही.

गणेशपुरीच्या शेजारी वज्रेश्वरीचे मंदिर आहे. बावन्न पायऱ्या चढून वर गेले की किल्ल्यासारखा कोट आणि नगारखान्याचा भक्कम दरवाजा समोर येतो. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि विजयानंतर हे मंदिर उभारले गेले, अशी परंपरा सांगते. देवीचे मूळ स्थान उत्तरेस गुंज गावी होते व ते पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले, असेही हीच परंपरा सांगते. हे ऐकताना आपल्यापैकी काहींना अवघडल्यासारखे होते, पण त्यास इलाज नाही. पोर्तुगीज अमलात उत्तर कोकणातील देवळे पाडली गेली, हा इतिहास आहे. आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर आपल्या चर्चच्या घंटा उतरवल्या गेल्या, हाही इतिहासच आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगता आल्या पाहिजेत.

त्या घंटांचे पुढे काय झाले? मराठा सरदारांनी त्या विजयचिन्हे म्हणून नेल्या आणि देवांना अर्पण केल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा १७२१ सालची आहे. भीमाशंकरच्या आवारातील घंटेवर १७२९ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावरील घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरियामाता आजही ओळखू येते. आमच्या मते या घंटा परत मागण्यात अर्थ नाही. अडीचशेहून अधिक वर्षे त्या त्या गावाने त्यांना पाऊस, गंज आणि भंगारवाल्यापासून जपले आहे. मात्र मेणवलीला सहलीस जाणाऱ्या आपल्या मुलांना ही घंटा कोठून आली असावी, हे सांगता आले तर बरे.

आता नदीबरोबर खाली उतरू. तानसा पुढे वैतरणेच्या खाडीस मिळते आणि त्या खाडीच्या दक्षिणेस सोपारा आहे. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचा उंचवटा खणला. गावकऱ्यांना तो एखाद्या बुरुडाच्या किल्ल्याचा अवशेष वाटत असे. प्रत्यक्षात तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्या मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती काशाच्या आठ बुद्धमूर्ती होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे काही तुकडे मिळाले. गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे ते अंश म्हणून भक्तांनी ते ठेवले होते. संतांचे अवशेष वेदीत ठेवणाऱ्या आपल्या समाजास या करंडकांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

त्याच वर्षी सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो भुईगावात, ज्या गावाची वाडी-विहीर आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालची आहे. आता ते शिलाखंड पाहावयाचे तर मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे लागते.

या संग्रहालयाची कोनशिला तत्कालीन युवराजांच्या, पुढच्या पाचव्या जॉर्ज बादशहांच्या, हस्ते ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाने विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट त्यावर चढविला. इमारत १९१४ साली तयार झाली. पण पहिले महायुद्ध आडवे आले आणि तेथे लष्करी इस्पितळ चालले. लोकांसाठी दरवाजे उघडले ते १० जानेवारी १९२२ रोजी. ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ हे जुने नाव १९९८ मध्ये बदलले, तरी जुन्या मुंबईकरांच्या तोंडून ते अजून निसटते.

येथे एक वस्तू मुद्दाम शोधावी. ती अस्सल नाही, साच्यावरून काढलेली प्रतिकृती आहे, आणि म्हणूनच आम्हांस ती महत्त्वाची वाटते. १९३१ साली परळहून शिवडीकडे रस्ता काढताना शिवाची एक भव्य मूर्ती सापडली. साडेतीन मीटरच्या आसपास उंच, एका शिवातून अनेक शिव उमललेले. रहिवाशांनी ती हलवू दिली नाही. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात आजही पूजेत आहे आणि संग्रहालयाने प्रतिकृतीवर समाधान मानले. पूजेतील वस्तू जागेवरून उठवायचीच असे नाही. तिची नोंद, मोजमाप आणि प्रतिकृती अभ्यासकांस पुरते. ही वाट आपल्या चर्चसाठीही मोकळी आहे.

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय याहून जुने. त्याच्या जन्माची कथा गमतीदार आहे आणि दुःखदही. मूळ संग्रह फोर्टमधील बराकीत ठेवला होता. १८५७ च्या धामधुमीत सैन्याला बराकी हव्या झाल्या आणि संग्रह विस्कटला. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी पुन्हा खटपट केली. १८६२ साली पायाभरणी होऊन १८७२ साली संग्रहालय खुले झाले. मूळच्या ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाऐवजी १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. मधल्या काळात त्यास अवकळा आली होती. २००३ पासून पाच वर्षे जीर्णोद्धार चालला आणि २००८ साली ते पुन्हा झळाळून उभे राहिले. आत मातीच्या लहान लहान प्रतिमांतून जुन्या मुंबईतील लोक, त्यांचे पोशाख आणि व्यवसाय दाखविले आहेत. मुले तेथून हलता हलत नाहीत. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटले ते याच हत्तीवरून. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो फुटला आणि म्हणूनच येथे राहिला! तुकडे जुळवून १९१४ मध्ये तो राणीच्या बागेत उभा केला.

धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेन्री हेरास या स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरूंनी १९२६ साली इतिहास संशोधन संस्था स्थापली. १९२२ मध्ये भारतात आलेला हा माणूस सिंधू लिपीच्या मागे लागला आणि १९५५ साली मुंबईतच देह ठेवून गेला. त्यांनी जमविलेली नाणी, शिल्पे आणि ख्रिस्ती कलेचे नमुने संस्थेच्या संग्रहात आहेत. आणि खास आपले म्हणावे असे संग्रहालय गोरेगावला, सेंट पायस महाविद्यालयाच्या आवारात, मुंबई महाधर्मप्रांताने २०११ साली उघडले. धर्मग्रामांच्या माळ्यांवर आणि कपाटांत पडून राहिलेल्या मूर्ती, चांदीची उपासनापात्रे व जरीची उपासनावस्त्रे तेथे एकत्र आली. गोव्यात हे काम आधी झाले: १९९४ साली राशोल येथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले आणि २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले.

आपल्याकडे मात्र जुने चर्च वाढवायचे ठरले की पहिला घाव लाकडी वेदीवर पडतो. कोरीव खांब जळणात जातात, रंग उडालेली मूर्ती कोणी ‘जुन्या वस्तूंचा शौकीन’ गोड बोलून नेतो आणि तिच्या जागी प्लास्टरची चकचकीत मूर्ती येते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. धर्मग्रामाचे नाव घेण्यात हशील नाही, कारण ते एकच नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे वा अधिक जुनी मूर्ती, चित्र अथवा कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. परवान्यावाचून तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. पाऊणशे वर्षे झालेले महत्त्वाचे हस्तलिखितही याच कायद्यात येते. जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांना वाळवी लागू देणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

खर्चाचे काम नाही. धर्मग्रामातील दोन तरुण, एक कॅमेरा, एक टेप आणि एक वही पुरे. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, उंची-रुंदी, ती कशाची आहे, कोणी दिली आणि कोठे ठेवली आहे, एवढे लिहावे. वहीची एक प्रत धर्मगुरूंकडे आणि दुसरी चर्चबाहेर एखाद्या विश्वासू संस्थेत असावी. बांधकामाचा ठराव होण्यापूर्वी ही वही पूर्ण झालेली असावी, नंतर नव्हे. अशी यादी ज्या धर्मग्रामात तयार असेल त्यांनी गोरेगावच्या संग्रहालयाशी बोलून जाण्याची वेळ ठरवावी, आणि यादी सोबत न्यावी. भायखळ्यास जाणाऱ्यांनी बुधवार टाळावा. त्या दिवशी संग्रहालय बंद असते.