गव्हाच्या पैशातली पुस्तकं

मार्च २०२०. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला कुलूप. विद्यार्थ्यांनी वाचायचं काय? ३१ मार्चला हाथीट्रस्टने सदस्य ग्रंथालयांसाठी तात्पुरती सोय सुरू केली. नियम साधा: कपाटात छापील प्रत एक, तर पडद्यावर वाचकही एका वेळी एकच.

आम्ही इतिहासवाले इथे पीएल-४८० कडे वळणारच. अमेरिकी गव्हाचे आपण रुपये मोजले. १९६२ पासून त्याच रुपयांतून मराठी पुस्तकंही तिथल्या विद्यापीठांत गेली. गहू लोकांना आठवतो, पुस्तकं नाही! पुढे त्यांतली कितीतरी गूगलने स्कॅन केली, पण कॉपीराइटमुळे वाचायला बंद. टाळेबंदीत तिथला अभ्यासक ती घरबसल्या उघडू लागला. पुण्यात छापलेलं पुस्तक पुण्याच्या विद्यार्थ्याला मात्र बंदच राहिलं.