रोगाचा ‘नैसर्गिक इतिहास’ आणि संमतीची भाषा : नोएडा, ऑकलंड, उस्मानाबाद

१.
वैद्यकाच्या परिभाषेत ‘रोगाचा नैसर्गिक इतिहास’ ही एक रूढ संज्ञा आहे. एखादा रोग उपचाराविना राहिल्यास शरीरात कोणकोणत्या अवस्थांतून जातो, किती काळात वाढतो, कधी आपोआप ओसरतो आणि कधी जीव घेतो, या क्रमाला ती लावली जाते. संज्ञा निरुपद्रवी वाटते. तथापि तिच्यातील दोन्ही पदे तपासून पाहावी लागतात. उपचार उपलब्ध असताना तो न देण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो; त्यामुळे पुढे घडणारे सारे निव्वळ ‘नैसर्गिक’ उरत नाही. आणि ज्याला ‘इतिहास’ म्हटले जाते त्याचे लेखन नेहमी दुसऱ्याच कोणाच्या हातून झालेले असते. ज्या देहावर तो घडतो त्या व्यक्तीचे कथन त्यात क्वचितच येते. मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा प्रयोग आहे. त्यात निदान दुखणे काढणारी व्यक्ती कर्ता असते. ‘नैसर्गिक इतिहास’ या संज्ञेत तो कर्ताही उरत नाही.

उपचाराच्या धोक्यांविषयी वैद्यकीय संशोधनात विपुल लेखन झाले आहे. उपचार न देण्याचा धोका मात्र संशोधनाच्या लेखनपद्धतीत दिसेनासा होतो. तो कसा दिसेनासा होतो आणि कोणत्या प्रकारच्या लेखनामुळे पुन्हा दिसू लागतो, हा तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेतील प्रश्न आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील तीन ठिकाणच्या संशोधनांचा इतिहास त्या दृष्टीने शेजारी ठेवून वाचता येतो.

२.
नोएडा येथील सेक्टर ३९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची कर्करोग-प्रतिबंधाला वाहिलेली संस्था आहे. १९७९ मध्ये दिल्लीतील मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात पेशीविज्ञान संशोधन केंद्र म्हणून तिची स्थापना झाली. १९८९ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ सायटॉलॉजी अँड प्रिव्हेंटिव्ह ऑन्कॉलॉजी’ असे तिचे रूपांतर झाले; पुढे नोएडात स्वतःची वास्तू आणि कालांतराने ‘राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था’ हे नाव तिला मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी कशी करावी याचे प्रशिक्षण देशभरातील डॉक्टर आणि आरोग्यकर्मी आज या संस्थेकडून घेतात. या संस्थेच्या नावाशी जोडले गेलेले एक जुने संशोधन त्यामुळेच अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे.

हे संशोधन १९७६ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि १९८८ मध्ये संपले. रुग्णालयांच्या स्त्रीरोग विभागांत येणाऱ्या ज्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखातील पेशींत कर्करोगपूर्व बदल आढळले, त्यांची वेळोवेळी तपासणी करून त्या बदलांचे पुढे काय होते हे पाहणे, हा त्याचा हेतू होता. एप्रिल १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार अशा स्त्रियांची संख्या १,१५८ होती. त्यांपैकी ७१ जणींच्या बाबतीत बदल कर्करोगापर्यंत गेले. ६२ जणींमध्ये तो मूळ जागी सीमित होता, तर ९ जणींमध्ये खोलवर पसरला होता. स्त्रियांकडून लेखी संमती घेतलेली नव्हती. १९७६ मध्ये देशात तशी अट अस्तित्वात नव्हती आणि तोंडी संमती घेतली होती, असा संशोधनाच्या बाजूचा खुलासा होता.

हा खुलासा सर्वस्वी पोकळ म्हणता येत नाही. परिषदेचे मानवी संशोधनाविषयीचे पहिले धोरण-निवेदन १९८० चे आहे. कर्करोगपूर्व बदलांपैकी बरेचसे आपोआप नाहीसे होतात, हेही खरे आहे. तेव्हा त्यांतले कोणते वाढतील हे जाणून घेण्याची इच्छा शास्त्रीयदृष्ट्या रास्त होती. दुसऱ्या बाजूला, पापानिकोलाऊ यांची पेशीतपासणी १९४० च्या दशकापासून वापरात होती आणि ती उपयुक्त मानली जाण्याचे कारणच असे की बदल वेळीच सापडले तर ते काढून टाकता येतात. प्रायोगिक संशोधनाच्या बाबतीत नियम अगदीच अज्ञात होते असेही नाही. न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची, हेलसिंकी घोषणापत्र १९६४ चे, आणि लेखी संमतीला प्राधान्य देणारी त्याची टोकियो येथील सुधारणा १९७५ ची, म्हणजे दिल्लीतील संशोधनाच्या आदल्याच वर्षीची. शिवाय १९८० नंतरही हे संशोधन आठ वर्षे चालू राहिले. प्रारंभीच्या वर्षाचा दाखला त्या आठ वर्षांना पुरत नाही.

३.
न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे जवळपास असेच काही घडले होते. तेथील नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन यांनी १९६६ पासून गर्भाशयमुखावरील मूळ जागी सीमित असलेल्या कर्करोगी बदलांवर पूर्ण उपचार न करता काही स्त्रियांचे केवळ निरीक्षण सुरू ठेवले. हे बदल पुढे आक्रमक कर्करोगात जात नाहीत, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्याच सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात विरुद्ध निष्कर्ष प्रसिद्ध केले; पण शोधनिबंधाच्या भाषेत मांडलेल्या त्या आकड्यांनी रुग्णालयाबाहेर फारशी खळबळ माजली नाही. जून १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी ‘मेट्रो’ या मासिकात लेख लिहिला. त्यात एक स्त्री टोपणनावाने, पण व्यक्ती म्हणून, वाचकांसमोर आली : ती किती वर्षे रुग्णालयात येत होती, तिला काय सांगितले गेले, काय सांगितले गेले नाही. त्यानंतर न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी नेमली गेली आणि १९८८ मध्ये, दिल्लीतील संशोधन संपले त्याच वर्षी, तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. टोपणनावामागील स्त्रीने, क्लेअर मॅथिसन यांनी, १९८९ मध्ये स्वतःच्या नावाने पुस्तक लिहिले. रुग्णहक्कांसाठी स्वतंत्र आयुक्त नेमणारा कायदा १९९४ मध्ये आणि हक्कांची संहिता १९९६ मध्ये आली. २००८ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मधील पाहणीने वैद्यकीय बाजूही निश्चित केली : अपुरे उपचार मिळालेल्या स्त्रियांत ३० वर्षांत आक्रमक कर्करोगाचे प्रमाण ३१ टक्के होते, योग्य उपचार मिळालेल्यांत ते एक टक्क्याहूनही कमी होते.

दिल्लीच्या प्रकरणात अशी न्यायिक चौकशी झाली नाही. यामागे न्यायसंस्थेची रचना, रुग्णालयांवरील ताण, स्त्रियांची आर्थिक स्थिती अशी अनेक कारणे दाखवता येतील. परंतु साहित्यप्रकाराचा भेदही दुर्लक्षिता येत नाही. दिल्लीच्या प्रकरणाचे सार्वजनिक रूप मुख्यतः आकड्यांचे आणि खुलाशांचे राहिले. ‘७१’ हा आकडा वाचकाला अस्वस्थ करतो. मात्र त्या आकड्याला प्रश्न विचारता येत नाही आणि तो उत्तरही देत नाही. ऑकलंडमध्ये १९८४ चा शोधनिबंध जे करू शकला नाही ते तीन वर्षांनी एका कथनाने केले. आकडे चुकीचे होते म्हणून नव्हे, तर ते कोणाला उद्देशून लिहिले होते यामुळे हा फरक पडला.

४.
मराठी वाचकाला ‘संमती’ हा शब्द येथे निराळ्या अर्थच्छटांसह भेटतो. स्त्रीदेहाच्या संदर्भात हा शब्द मराठी सार्वजनिक वादात रुजला तो ‘संमतिवया’च्या विधेयकामुळे. १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. बेहरामजी मलबारी, आगरकर, टिळक यांच्या बाजू सर्वपरिचित आहेत. त्या वादात शास्त्रार्थ झाला, राज्यसत्तेच्या अधिकाराविषयी खल झाला. जिच्या संमतीविषयी बोलले जात होते तिचा आवाज मात्र विरळा होता. जे अपवाद होते त्यांत रखमाबाई ठळक दिसतात. नांदायला जाण्यास नकार दिल्याने १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावासाचा आदेश दिला; त्यापूर्वी १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली होती. पुढे त्या लंडनला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. संमती नाकारणारी स्त्री आणि उपचार करणारी स्त्री येथे एकच आहे. तिला प्रथम टोपणनावाने लिहावे लागले, हे ऑकलंडच्या उदाहरणाशी नकळत जुळते.

वैद्यकीय मराठीत आज ‘माहितीपूर्ण संमती’ किंवा ‘सुसूचित संमती’ असे प्रतिशब्द वापरले जातात. संशोधनलेखनातील ठरलेले वाक्य असते : ‘सहभागी स्त्रियांची संमती घेण्यात आली.’ संमती देणे ही क्रिया स्त्रीची. पण वाक्यात उरते ते घेणे, आणि घेणाराही कर्मणि प्रयोगाआड जातो. इंग्रजी शोधनिबंधातील वाक्यरचनाही अशीच आहे. हा दोष एका भाषेचा नसून त्या लेखनप्रकाराचा आहे. मराठी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला ‘प्रयुक्त’ म्हणतात. हे कर्मवाचक धातुसाधित विशेषण व्यक्तीचे स्थान अचूक सांगून जाते. परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकांतही हा प्रवास दिसतो. २००० च्या आवृत्तीच्या शीर्षकात माणसे ‘प्रयुक्त’ होती. २००६ च्या आणि २०१७ च्या आवृत्तींत ती ‘सहभागी’ झाली. शीर्षकातील एका शब्दाने व्यवहार बदलतोच असे नाही, पण तो बदल मागण्याचा आधार त्यातून मिळतो.

५.
तिसरे उदाहरण मराठवाड्यातील आहे आणि ते पहिल्या दोहोंपेक्षा अवघड आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियोन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठे क्षेत्रसंशोधन सुरू केले. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रिया ५२ गावसमूहांतून त्यात घेतल्या होत्या. चार गट केले गेले : एकाची विषाणूचाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची तपासणी केली गेली नाही, त्यांना नेहमीची आरोग्यसेवा आणि स्थानिक रुग्णालयांत तपासणी कशी करून घेता येईल याची माहिती मिळाली. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूचाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले : त्या गटात ३४, तपासणी न झालेल्या गटात ६४. पेशीतपासणी आणि डोळ्यांनी केलेली पाहणी यांनी तेथे मृत्यूंत लक्षणीय घट दाखवली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून चाललेल्या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनात मात्र प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या अशा पाहणीमुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या ज्ञानाचे मोल मोठे आहे. ज्या देशात प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ दोन्ही दुर्मीळ, तेथे काय परवडेल आणि काय उपयोगी पडेल याचे उत्तर त्यातून मिळाले. विषाणूचाचणीला आज जगभर मिळालेल्या प्राधान्यामागे उस्मानाबादच्या गावांतील स्त्रियांचा वाटा आहे. तरीही मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये २०१४ मध्ये गंभीर आक्षेप नोंदवला गेला. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील दिंडिगुल येथील तीन संशोधनांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया तपासणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यांच्यापैकी २५४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी उपयुक्त आहे हे आधीच ठाऊक असताना असा गट ठेवावा का, हा त्यातील प्रश्न होता. भारतात त्या काळी राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमच नव्हता. ‘नेहमीची सेवा’ म्हणजे तपासणी नसणे हेच होते, आणि परवडणाऱ्या पद्धती येथे किती जीव वाचवतात याचा पुरावा हवा होता, असे समर्थन करण्यात आले.

दिल्ली आणि उस्मानाबाद यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. दिल्लीत बदल सापडलेले होते आणि ते माहीत असून वाट पाहिली गेली. उस्मानाबादेत चौथ्या गटातील स्त्रियांमध्ये कोणाला काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते. समितींची मान्यता, तौलनिक गट, निष्कर्षांचा सार्वजनिक उपयोग या साऱ्यांत अंतर आहे. तथापि एका बाबतीत दोन्ही संहिता सारख्या आहेत : दोन्हींत अभाव ‘दिलेल्या’ परिस्थितीसारखा येतो. पहिलीत त्याला ‘निसर्ग’ म्हटले आहे, दुसरीत ‘नेहमीची सेवा’. दोन्ही शब्द कोणाच्या तरी निर्णयाला वस्तुस्थितीचे रूप देतात.

६.
गावाकडे गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात आणि स्रावाच्या तक्रारीला ‘अंगावरून जाणे’. संमतीपत्रकातील ‘गर्भाशयमुख’, ‘यादृच्छिक वाटणी’, ‘तुलना-गट’ हे शब्द आणि ही बोली यांच्यामधले अंतर कोशातील प्रतिशब्दांनी भरून निघत नाही. ‘तुमच्या गावात तपासणी होणार नाही, शेजारच्या गावात होईल, आणि कोणत्या गावात बायका अधिक दगावतात हे मोजले जाईल’ असे साध्या मराठीत वाक्य रचले तर ते अचूक असेल; पण ते ऐकून किती जणी होकार देतील हा प्रश्न लगेच उभा राहतो. संमती माहितीपूर्ण आहे की नाही याची कसोटी अशा वाक्यात आहे. अनुवाद येथे साहाय्यक कार्य न राहता नैतिक निर्णयाचा भाग बनतो.

तौलनिक अभ्यासाला या संहितांकडे वळण्याचे कारण हेच. शोधनिबंध, वृत्त, चौकशी-अहवाल, आत्मकथन हे प्रकार एकाच घटनेचे निरनिराळे भाग दृश्य करतात, आणि त्यांतला एक प्रकार अनुपस्थित असेल तर घटनेचा तेवढा भाग इतिहासातून गळतो. दिल्लीच्या १,१५८ आणि तीन संशोधनांतील १,३८,६२४ स्त्रियांच्या बाबतीत पहिले दोन प्रकार आज वाचायला मिळतात. बार्शी-उस्मानाबाद भागातील त्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी आज पन्नाशी ते ऐंशीच्या दरम्यान आहेत. त्यांना काय सांगितले गेले, त्यांना काय समजले आणि त्यांनी कशाला होकार दिला, हे त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवण्यास अद्याप अवधी आहे. तो फार मोठा नाही.